घटप्रभेचे पाणी आणि तारेतला प्रवाह

आपल्या सीमाभागातल्या घरांत संध्याकाळी अचानक अंधार झाला की एका घरातून 'लाईट गेली' असे ऐकू येते आणि शेजारच्या घरातून 'करंट होतु'. भाषा दोन असल्या तरी तक्रार एकच. त्या दोन्ही वाक्यांत एक समजूतही सारखीच दडलेली आहे, ती म्हणजे वीज ही कुठून तरी येणारी आणि कुठे तरी जाणारी वस्तू आहे. आली की दिवा लागतो, संपली की विझतो. ही समजूत थोडी बरोबर आहे आणि बरीचशी चूक. पण ती चूक करणारे आपण पहिले नव्हेत. युरोपातले मोठमोठे विद्वान दीड-दोनशे वर्षे याच चुकांच्या वाटेवरून चालत होते.

मी स्वतः इतिहासाचा विद्यार्थी. विज्ञान शिकवणे हे माझे काम नव्हे. परंतु मुख्याध्यापकाला वर्गाच्या मागच्या बाकावर बसून इतरांचे तास ऐकावे लागतात, आणि विजेचा धडा सुरू झाला की मुले जे प्रश्न विचारतात ते ऐकून इतिहासाच्या माणसाचे कान टवकारतात. 'दिव्यात जाऊन करंट संपतो का?' 'बटण दाबल्याबरोबर इतक्या लांबून वीज कशी पोचते?' 'तारेवरचा पक्षी का मरत नाही?' 'बाण अधिककडून उणेकडे आणि इलेक्ट्रॉन मात्र उलटे, असे का?' हे प्रश्न क्रमिक पुस्तकाच्या स्वाध्यायात क्वचितच असतात. ते शास्त्राच्या इतिहासात मात्र पानोपानी आहेत.

अंबरापासून अधिक-उण्यापर्यंत

घासलेला अंबर गवताच्या काड्या ओढून घेतो हे ग्रीकांना ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात ठाऊक होते. अंबराला ते 'इलेक्ट्रॉन' म्हणत. इंग्लंडच्या राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली चुंबकावर ग्रंथ लिहिला, त्यात हा गुण अंबराप्रमाणे काच, गंधक अशा अनेक पदार्थांत असल्याचे दाखवले आणि त्या ग्रीक शब्दावरून या गुणाला नाव दिले. पुढे शंभराहून अधिक वर्षे हा एक गमतीचा खेळच राहिला. १७२९ साली स्टीफन ग्रे नावाच्या रंगाऱ्याने पाहिले की काचनळी घासली की तिचा गुण लांबलचक दोरीच्या दुसऱ्या टोकालाही पोचतो. मात्र ती दोरी रेशमाच्या धाग्यांनी टांगली तरच. धातूच्या तारेने टांगली तर गुण नाहीसा होतो. वाहक आणि दुर्वाहक हा भेद त्या दिवशी कळला. आज वायरमन रबरी हातमोजे घालून खांबावर चढतो, तो त्या रंगाऱ्याच्या शोधाच्या आधाराने.

१७३३ साली फ्रान्सच्या द्यु फे याने सांगितले की वीज दोन जातींची असते, एक काचेची आणि एक राळेची. सारख्या जाती एकमेकींना दूर लोटतात, वेगळ्या ओढतात. अमेरिकेतला मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन याला दोन द्रव मानणे पटले नाही. १७४७ च्या सुमारास त्याने मांडले की द्रव एकच असून तो ज्या वस्तूत जास्त झाला ती 'अधिक' आणि ज्या वस्तूत कमी पडला ती 'उणे'. घासल्याने वीज नव्याने निर्माण होत नाही, ती एकीकडून दुसरीकडे जाते, एवढेच. सावकाराच्या वहीतल्या जमाखर्चासारखा हा विचार आहे, आणि तो आजही खरा आहे. फणी केसांवर घासली की फणीला जेवढा उणे प्रभार मिळतो, तेवढाच अधिक प्रभार केसांकडे राहतो. बेरीज शून्यच.

मात्र कोणाला अधिक म्हणावे आणि कोणाला उणे, हे ठरवायला फ्रँकलिनजवळ कोणतेच साधन नव्हते. त्याने काचेच्या प्रभाराला अधिक म्हटले, म्हणजे कौल लावल्यासारखेच. दीडशे वर्षांनी, १८९७ साली, जे. जे. टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. धातूच्या तारेत वाहणारे कण हेच, आणि त्यांचा प्रभार निघाला उणे. तोवर जगभरच्या पुस्तकांत, यंत्रांत आणि सूत्रांत बाणाची दिशा पक्की झाली होती. ती बदलण्याची गरजही नव्हती, कारण उणे कण डावीकडे जाणे आणि अधिक प्रभार उजवीकडे जाणे यांचा हिशोब बहुतेक ठिकाणी सारखाच येतो. म्हणून मुलाने 'हे उलटे का?' असे विचारले तर त्याला 'पाठ कर' म्हणू नये. 'हा अडीचशे वर्षांपूर्वीचा एक करार आहे, निसर्गाचा नियम नव्हे' असे सांगावे. इतिहास कळला की गोंधळ संपतो.

पाणी तेवढेच, उंची गेली

आता मुलांचा सर्वांत आवडता प्रश्न घेऊ. दिव्यात जाऊन करंट संपतो का? याचे उत्तर पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. गोकाकचा धबधबा आपल्या जिल्ह्यातच आहे. सह्याद्रीत उगम पावून, चंदगडच्या मुलखातून उतरत आलेली घटप्रभा गोकाकजवळ सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि पुढे कृष्णेला मिळायला जाते. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता त्या काळात, १८८५ साली, या पाण्याच्या जोरावर सूतगिरणी चालवण्यासाठी कंपनी स्थापन झाली आणि १८८७ साली गिरणी सुरू झाली. भारतात पाण्यापासून शक्ती घेण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत गोकाकचे नाव घेतले जाते, आणि १८८७ साली इथे वीज निर्माण झाल्याचे प्रवासी-पुस्तिका अभिमानाने सांगतात.

त्या धबधब्याच्या काठी उभे राहून विचार करावा. वरून जेवढे पाणी नळातून चक्रापाशी गेले, तेवढेच पाणी चक्र फिरवून खालच्या पात्रात आले. चक्राने पाणी प्यायले नाही. मग गिरणी चालली कशावर? पाण्याने जी गमावली ती उंची. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५२ मीटर खाली आले की सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा हाती येते. आपल्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे मध्ये काहीच वाया गेले नाही असे धरले तरी एका युनिटासाठी सात हजार लिटर पाणी त्या कड्यावरून खाली यावे लागते. वापर नसताना चालू राहिलेला पंखा बंद करा असे मुलांना सांगताना हा आकडा उपयोगी पडतो.

तारेतही असेच घडते. दिव्याच्या एका बाजूने सेकंदाला जेवढा प्रभार आत जातो, तेवढाच दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. प्रवाह संपत नाही. खर्च होते ती विद्युत उंची, जिला शास्त्रात विभवांतर म्हणतात आणि बाजारात व्होल्टेज. त्या उतारावर प्रभाराने सोडलेली ऊर्जा उजेड आणि उष्णता होऊन खोलीत पसरते. महिन्याच्या बिलात आपण मोजतो ते पैसे त्या ऊर्जेचे. इलेक्ट्रॉन विकत मिळत नाहीत, ते तारेतले असतात आणि तारेतच राहतात.

याची परीक्षा दिवाळीतच करता येते. जुन्या पद्धतीची बारीक बल्बांची माळ घ्यावी, ज्यात सगळे बल्ब एकापुढे एक जोडलेले असत आणि एक गेला की सगळी माळ विझे. माळ लावण्याआधी मुलांना विचारावे की कोणता बल्ब जास्त उजळेल? बरीच मुले सांगतात, खटक्याजवळचा पहिला, कारण पुढे जाईतो करंट कमी होईल. माळ लावून दाखवली की सगळे बल्ब सारखेच उजळलेले दिसतात. प्रवाह वाटेत संपत असता तर शेवटचा बल्ब मिणमिणला असता.

'प्रवाह' आणि 'ताण' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे विद्वानांनाही लवकर कळले नव्हते. १७९१ साली इटलीच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचा पाय धातूंच्या स्पर्शाने उडतो हे प्रसिद्ध केले आणि वीज प्राण्याच्या देहातच असते असा निष्कर्ष काढला. त्याचाच देशबांधव व्होल्टा म्हणाला, वीज बेडकात नाही, दोन वेगळ्या धातूंच्या जोडीत आहे. या वादातून १८०० साली जस्त, चांदी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद यांची चळत तयार झाली. तीच पहिली बॅटरी. अखंड वाहणारा प्रवाह माणसाच्या हाती प्रथमच आला. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने तारेजवळची चुंबकसुई हलताना पाहिली, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या अँपिअरने ताण आणि प्रवाह या दोन कल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या. १८२७ साली त्या दोहोंमधले नाते जॉर्ज ओहमने मांडले. हा ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरी शाळामास्तर होता. त्याच्या पुस्तकाचे मायदेशी थंडे स्वागत झाले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला पदक दिले ते १८४१ साली. आज आठवी-नववीची मुले जे सूत्र दोन मिनिटांत पाठ करतात त्याला मान्यता मिळायला चौदा वर्षे लागली. म्हणून मुलाला ते दोन दिवसांत उमगले नाही तर पालकांनी त्याला मठ्ठ म्हणण्याची घाई करू नये.

या इतिहासात मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. ग्रे रंगारी, फ्रँकलिन मुद्रक, ओहम शाळामास्तर, आणि १८३१ साली चुंबक हलवून वीज निर्माण करता येते हे दाखवणारा फॅरेडे पुस्तके बांधण्याच्या दुकानातला उमेदवार. फॅरेडे जी पुस्तके बांधायला येत ती वाचत असे. आपल्याकडेही १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या किर्लोस्करांचे नाव पुढे देशभर गेले. हाताने काम करणाऱ्याला 'हे असे का?' असा प्रश्न पडला की शास्त्र पुढे सरकते.

तासाला वीतभर

दुसरा प्रश्न आहे वेगाचा. बटण दाबताच दिवा लागतो, तेव्हा इलेक्ट्रॉन विजेच्याच वेगाने धावत येत असणार, असे सर्वांना वाटते. हिशोब केला तर हसू येते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह एकाच दिशेने जात असेल, तर तारेच्या कोणत्याही छेदातून सेकंदाला सुमारे ६२ हजार कोटी कोटी, म्हणजे सहावर अठरा शून्ये इतके इलेक्ट्रॉन पार होतात. पण तांब्यात इलेक्ट्रॉन इतके दाटीवाटीने भरलेले आहेत की त्यांची पुढे सरकण्याची सरासरी गती सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी येते. तासाभरात इलेक्ट्रॉन जेमतेम वीतभर सरकतो. गोगलगायही त्याला मागे टाकील. आणि आपल्या घरातली वीज तर प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होणारी. तेव्हा आपल्या दिव्यातले इलेक्ट्रॉन वीजघरातून निघालेलेच नसतात. ते जागच्या जागी थरथरतात.

मग दिवा लगेच कसा लागतो? शेतातला पाण्याने आधीच काठोकाठ भरलेला पाइप आठवावा. मोटार सुरू होताच दुसऱ्या टोकाचे पाणी लगेच हलते, मोटारीपासचे पाणी तिथवर पोचायला मात्र वेळ लागतो. तार अशीच आधीपासून भरलेली असते. बटण दाबल्याने धाडला जातो तो ढकलण्याचा निरोप, आणि तो विद्युतक्षेत्राच्या रूपाने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातो.

अर्थात पाण्याची उपमा एका मर्यादेपर्यंतच खरी. पाइप तुटला तर पाणी सांडते, तार तुटली तर इलेक्ट्रॉन जमिनीवर गळत नाहीत, प्रवाहच थांबतो. शिवाय ऊर्जा तारेच्या पोटातून नव्हे, तर तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून वाहते हे १८८४ साली पॉइंटिंग या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले. गोकाकची गिरणी सुरू होण्याआधी तीनच वर्षे.

तारेवरचा पक्षी आणि जमिनीवरचा माणूस

तिसऱ्या प्रश्नावर मात्र केवळ गुण अवलंबून नाहीत, जीव अवलंबून आहेत. पक्षी तारेवर बसून मरत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे एकाच विद्युत उंचीवर असतात. उतार नाही तर प्रवाह नाही. पण एखादे वानर एक तार पकडून दुसऱ्या तारेला शिवले की क्षणात कोसळते. माणूस जमिनीवर उभा असतो आणि आपल्या वीजव्यवस्थेत न्यूट्रल तार डीपीपाशी जमिनीला जोडलेली असते. म्हणून फेजला एकच हात लागला तरी हातातून पायांकडे, पायांतून जमिनीत आणि जमिनीतून डीपीकडे असा पूर्ण फेरा तयार होतो. टेस्टरच्या मागच्या टोकाला बोट लावल्यावरच त्यातला दिवा लागतो, तो याच फेऱ्यामुळे. टेस्टरमध्ये मोठा रोध बसवलेला असतो, म्हणून तेवढ्या सूक्ष्म प्रवाहाने आपल्याला काही होत नाही.

शरीराला अपाय करतो तो प्रवाह. कोरड्या त्वचेचा रोध बराच असतो, ओल्या त्वचेचा पुष्कळ कमी. त्यामुळे त्याच २३० व्होल्टवर कोरड्या हाताला झटका बसून सुटका होते आणि भिजलेल्या हाताचा जीव जातो. अँपिअरच्या हजाराव्या भागाला मिलिअँपिअर म्हणतात. असे तीस मिलिअँपिअर जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारा खटका आता बाजारात मिळतो. तो घरी आणि मोटारीच्या पेटीत बसवून घेण्यासारखा आहे. पावसाळ्यात ऊस-तंबाखूच्या रानात तार तुटून पडलेली दिसली तर तिच्या जवळ जाऊ नये. तारेभोवतीच्या ओल्या जमिनीतही विद्युत उंची पावलागणिक बदलते आणि लांब ढांग टाकली तर दोन पायांमध्येच उतार तयार होतो. अशा जागी सापडलेल्याने पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत दूर जावे. चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये, आधी वीज बंद करावी. ओहमच्या नियमाचा शेतकऱ्याच्या घरातला अर्थ हा असा आहे.

एकाच ठेक्यावर

वीज दूर नेता येते ती चढ्या दाबाने. दाब चढवला की तेवढीच ऊर्जा कमी प्रवाहात जाते आणि तारा कमी तापतात. दाब चढवणे-उतरवणे रोहित्राने होते आणि रोहित्र चालते प्रत्यावर्ती विजेवर. म्हणून एडिसनच्या एकदिश विजेविरुद्धच्या झगड्यात प्रत्यावर्ती वीज जिंकली. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली. १९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९६२ साली कोयना सुरू झाली.

पण सीमेच्या दोन अंगांना वीज पोचली तरी तिचा ठेका एक नव्हता. कोयनेची जनित्रे पश्चिमेच्या जाळ्यात फिरत, शरावतीची दक्षिणेच्या जाळ्यात. दोन्हीकडे सेकंदाला पन्नासच्या आसपास आवर्तने, पण एकमेकांशी पाऊल न जुळलेली. निपाणीची वीज एका तालावर थरथरे, थोड्या अंतरावरच्या कागलची दुसऱ्या तालावर. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका ठेक्यात आले. तेव्हापासून निपाणीच्या आणि कागलच्या तारांतले इलेक्ट्रॉन एकाच लयीत हलतात. बिले वेगळी, कंपन्या वेगळ्या, दर वेगळे. लय मात्र एक.

शब्दांचे जाळे

आपल्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते, ती शब्दांची. एकाच घरातला थोरला मराठी माध्यमात, धाकटी कन्नड वा इंग्रजी माध्यमात, असे आपल्याकडे सर्रास आढळते. मराठीत 'चार्ज'ला प्रभार म्हणतात, कन्नडात 'विद्युदावेश'. मराठी मुलाला आवेश म्हटला की भाषण करणारा वक्ता आठवतो आणि प्रभार म्हटला की प्रभारी मुख्याध्यापक. पण थोडे पुढे गेले की दोन्ही भाषांची वाट एक होते. प्रवाह, वाहक, रोध, विभवांतर हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ जसेच्या तसे आहेत, कारण दोघींनी ते एकाच संस्कृत कोठारातून घेतले. भावाने आणि बहिणीने पुस्तके शेजारी ठेवून एकमेकांना धडा समजावून सांगितला, तर दोघांचाही पक्का होतो. जी गोष्ट दोन भाषांत सांगता आली ती कळलीच म्हणायची. एका भाषेत नुसती पाठ केलेली व्याख्या दुसऱ्या भाषेत सांगायला गेले की लगेच उघडी पडते.

तेव्हा पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलाने विजेविषयी वेडावाकडा प्रश्न विचारला तर तो उडवून लावू नका. त्याच्या चुकीच्या उत्तरात बहुधा द्यु फे, गॅल्व्हानी यांच्यासारखा एखादा जुना विद्वान बोलत असतो. त्याला गोकाकला घेऊन जा, वरचे पाणी आणि खालचे पाणी दाखवा आणि विचारा, 'यातले काय कमी झाले?' उत्तर त्याचे त्याला सापडू द्या. मराठीत सापडो की कन्नडात, पाण्याला त्याचे काही नाही.